लातूरचा वकील आणि निजामाची एक पहाट

आपल्या भागात कुणी जास्तच दादागिरी करायला लागला की जुनी माणसं अजूनही म्हणतात, "काय रझाकारी लावलीस रे?" शब्द शिवीसारखा येतो. मूळ अर्थ मात्र अगदी साधा आहे. उर्दूत रझाकार म्हणजे स्वयंसेवक. स्वतःच्या मर्जीनं, पगार न घेता काम करणारा. तुम्ही एनएसएसच्या कॅम्पला जाता, त्या अर्थानं तुम्हीही रझाकारच!

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा प्रचारात हा शब्द पुन्हा गाजला. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांनी महाराष्ट्रातल्या सभेत काँग्रेसचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांच्या लहानपणाचा विषय काढला. रझाकारांनी खर्गेंचं गाव जाळलं, त्यात त्यांची आई आणि बहीण गेली, आणि मतांसाठी ते त्यावर बोलत नाहीत, असा आरोप होता. खर्गेंचे चिरंजीव प्रियांक यांनी उत्तर दिलं की ते कृत्य रझाकारांचं होतं, सगळ्या मुस्लिम समाजाचं नव्हतं. खर्गेंचं गाव वरवट्टी, तालुका भालकी. उदगीरहून बिदरकडं जाणारी रेल्वे भालकीवरूनच जाते. आणि १९५६ पर्यंत उदगीरही बिदर जिल्ह्यातच होतं. म्हणजे हा वाद दिल्ली-मुंबईच्या चॅनलवर झाला, तरी गोष्ट आपल्या शेजारची.

चॅनलवर दोन दिवस आरडाओरडा झाला आणि विषय बदलला. मूळ प्रश्न तसाच राहिला. देशातल्या सगळ्यात मोठ्या संस्थानांपैकी एक असलेलं हैदराबाद एका खासगी संघटनेच्या ताब्यात गेलंच कसं? त्यांच्याकडं ना मोठं सैन्य होतं, ना खजिना.

राज्यशास्त्राच्या पेपरात 'सर्वंकष हुकूमशाही' आली की आपण हिटलर, मुसोलिनी, स्टॅलिन लिहून मोकळे होतो. दहा मार्कांचं काम होतं. पण त्याच जातीचा एक प्रयोग आपल्याकडं झालाय, आणि त्याचा म्होरक्या कासिम रझवी हा लातुरात वकिली करायचा. प्रयोग अर्धवट राहिला, त्याचा पूर्ण अंमल वर्षभरही टिकला नाही. अभ्यासाला तो बरा पडतो तो त्यामुळंच. सुरुवात, मधला काळ आणि शेवट एका नजरेत दिसतात.

आधी एक फरक समजून घ्या. निजामाचं राज्य ही जुन्या वळणाची निरंकुश राजेशाही होती. मीर उस्मान अली खान १९११ पासून गादीवर. असल्या राजाला रयतेकडून दोनच गोष्टी लागतात, सारा आणि शांतता. तुमच्या मनात काय चाललंय याच्याशी त्याला फारसं घेणंदेणं नसतं. सर्वंकष हुकूमशाहीला तेवढ्यानं भागत नाही. तिला तुमची घोषणा पाहिजे, तुमची शपथ पाहिजे, मोर्चात तुमचे पाय पाहिजेत. घरी गप्प बसलेला माणूसही तिला संशयित वाटतो. १९४६ ते ४८ मध्ये हैदराबादेत पहिल्या प्रकारच्या राज्याच्या पोटात दुसऱ्या प्रकारचं राज्य वाढलं.

पहिल्यानं दुसऱ्यासाठी जागा कशी केली? तर परवानगीनं. 'गश्ती निशाण ५३' नावाचं १९२९ चं एक सरकारी परिपत्रक होतं. सभा घ्यायची असेल तर आधी सरकारची परवानगी काढा. सभांवर सरळ बंदी नव्हती, बरं का. बंदी घातली की माणूस चिडतो. परवानगी मागायला लावली की अर्ज करत बसतो, आणि दोन-तीनदा अर्ज पडून राहिला की पुढच्या वेळी सभाच ठरवत नाही. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती स्थापन व्हायच्या आतच बंदी आली. त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातली आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातली मुलं 'वंदे मातरम्' म्हणण्यावर अडून बसली म्हणून काढून टाकली गेली. तुमच्याच वयाची मुलं. त्यातल्या बऱ्याच जणांना नागपूर विद्यापीठानं प्रवेश दिला. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच एक.

आणि त्याच १९३८ साली भाई श्यामलाल बिदरच्या तुरुंगात मरण पावले. आर्य समाजाचे कार्यकर्ते, उदगीरला वकिली करायचे. शहरातली श्यामलाल शाळा त्यांच्याच नावाची. एक वकील उदगीरचा, एक लातूरचा. मधे सत्तरेक किलोमीटरचं अंतर आणि कायदा एकच. एकाचा त्या कायद्याखाली तुरुंगात शेवट झाला, दुसरा दहा वर्षांच्या आत त्याच राज्यात कायद्याच्याही वर जाऊन बसला.

तो वर गेला कसा, हे समजायचं तर तेव्हा भीती कुणाला होती ते बघावं लागतं. १९४१ च्या शिरगणतीत संस्थानाची लोकसंख्या एक कोटी साठ लाखांच्या वर होती. त्यात मुसलमान १२-१३ टक्के. पण सरकारी नोकऱ्यांत, खास करून वरच्या जागांवर, बहुतेक तेच. कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य रयतेला राज्यात आवाज नव्हता. लोकशाही आली तर हे चित्र उलटणार, हे शाळकरी पोरालाही कळत होतं. म्हणजे भीतीला आधार होता. पूर्ण खोटी भीती फार दिवस चालत नाही. खऱ्या भीतीवर मात्र पेढी उघडता येते.

ती पेढी म्हणजे मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन. १९२७ ची संघटना, सुरुवात धार्मिक-सामाजिक कामानं. पुढं बहादूर यार जंग हे मोठे वक्ते तिचे अध्यक्ष झाले आणि एक सिद्धांत पुढं आला. राज्याची सत्ता निजाम या व्यक्तीची नाही, ती मुस्लिम समाजाची. निजाम फक्त तिचं प्रतीक. आता याचा अर्थ लावून बघा. टांगा हाकणारा, कोष्ट्याच्या मागावर बसणारा फाटका मुसलमानसुद्धा या हिशेबानं राजा झाला! त्याच्या ताटात एक भाकरी वाढली नाही. जमीन जहागीरदाराचीच राहिली, सावकार तसाच राहिला. मिळालं काय, तर शेजाऱ्यापेक्षा आपण वरचे ही भावना. कुठल्याही सरकारला यापेक्षा स्वस्त योजना सुचणार नाही. बजेटमध्ये तरतूदच नको.

१९४४ मध्ये बहादूर यार जंग वारले आणि १९४६ मध्ये नेतृत्व रझवीच्या हातात आलं. वेळ त्याच्यासाठी सोयीची होती. युद्ध नुकतंच संपलेलं, धान्याची टंचाई, लेव्हीचा जाच. तेलंगणात शेतकऱ्यांचं सशस्त्र बंड पेटलेलं. नव्या कायदेमंडळाची निवडणूक झाली, पण तिचा नियमच असा की लोकसंख्या काहीही असो, हिंदू आणि मुसलमान सदस्य निम्मे-निम्मे. स्टेट काँग्रेसनं बहिष्कार घातला, मजलिसचं आयतंच फावलं. मग ४७ ची फाळणी आली. आजूबाजूच्या प्रांतांतून घाबरलेली मुस्लिम कुटुंबं हैदराबादेत येऊ लागली, आपापल्या दुःखाच्या गोष्टी घेऊन. अशा वेळी सभेत उभं राहून कुणी सांगितलं की आसफजाही झेंडा दिल्लीच्या लाल किल्ल्यावर लावू, तर ऐकणाऱ्याला हसू यायला पाहिजे. पण घाबरलेल्या माणसाला हिशेब नको असतो, छाती ठोकणारा पाहिजे असतो. पोरं भरती झाली. गणवेश आला, कवायत आली, मजलिसची आणि तिच्या नेत्याची शपथ आली. तेच रझाकार.

इथपर्यंत हे निजामाच्या सोयीचंच होतं. दिल्लीशी वाटाघाटी चालू असताना 'लोक ऐकत नाहीत हो' असं सांगायला मागं एक झुंड असली की बरं पडतं. सरकार हात झटकायला मोकळं: ती आमची माणसं नाहीत, स्वयंसेवक आहेत.

मग ती पहाट आली.

ऑक्टोबर १९४७. भारताशी 'जैसे थे' करार करायचा मसुदा तयार होता. पंतप्रधान छतारीचे नवाब, कायदेशीर सल्लागार वॉल्टर मंक्टन आणि सुलतान अहमद यांनी दिल्लीत बसून तो ठरवलेला. २५ ऑक्टोबरला निजामाच्या मंत्रिमंडळानं सहा विरुद्ध तीन मतांनी तो मान्य केला. निजामानंही हो म्हटलं, फक्त सही पुढं ढकलली. आज करतो, उद्या करतो. २७ तारखेला शिष्टमंडळ दिल्लीला निघणार होतं. त्या पहाटे तीनच्या सुमाराला हजारोंच्या जमावानं या तिघांच्या घरांना वेढा दिला. लाऊडस्पीकरवरून घोषणा चालू, शिष्टमंडळाला जाऊ देणार नाही. पोलिस कुठं दिसेनात. शेवटी लष्कराच्या मदतीनं या मंडळींना बाहेर काढावं लागलं.

आता राजानं काय करायला पाहिजे होतं? ज्याच्या पंतप्रधानाच्या दारात रात्री जमाव आला, त्यानं सकाळी रझवीला अटक करायला पाहिजे होती. निजामानं रझवीला चर्चेला बोलावलं. रझवीनं सांगितलं की भारत काश्मीरमध्ये अडकलाय, तो आपलं काही करू शकत नाही, आणखी चांगल्या अटी मिळतील. त्याच दिवशी भारतीय सैन्य श्रीनगरला उतरलं होतं, त्यामुळं हे पटण्यासारखंही वाटलं असेल. निजाम फिरला. छतारीचे नवाब, मंक्टन, सुलतान अहमद तिघंही राजीनामे देऊन बाजूला झाले. दुसरं शिष्टमंडळ दिल्लीला गेलं आणि २९ नोव्हेंबरला सही झाली ती जवळपास त्याच मसुद्यावर! कागद बदललाच नाही. बदललं एवढंच की हैदराबादेत शेवटचा शब्द कुणाचा, हे सगळ्यांना कळलं. वर्ष संपायच्या आत मजलिसला चालणारे उद्योगपती मीर लायक अली पंतप्रधान झाले.

त्याच महिन्यात, बरोबर २५ वर्षांपूर्वी, इटलीत असंच झालं होतं. १९२२ च्या ऑक्टोबरात मुसोलिनीचे काळे शर्टवाले रोमवर चालून आले. पंतप्रधान फाक्ता मार्शल लॉचा हुकूम घेऊन राजाकडं गेले. राजा तिसरा व्हिक्टर इमान्युएल यानं सही केली नाही, उलट मुसोलिनीलाच सरकार बनवायला बोलावलं. जर्मनीत १९३३ च्या जानेवारीत हिटलर चॅन्सलर झाला तेव्हा मंत्रिमंडळात त्याच्यासकट नाझी तिघंच होते. बाकीच्या जुन्या, घरंदाज मंडळींना वाटलं, आपण याला हवं तसं चालवू. दोन महिन्यांत संसदेनं स्वतःचे अधिकार त्याच्या हवाली केले. तिन्ही ठिकाणी किल्ल्याचा दरवाजा आतून उघडला गेलाय. उघडणाऱ्याला वाटत होतं की कडी आपल्या हातात आहे.

निजामानं हे पुढं स्वतःच कबूल केलं, जरा वेगळ्या भाषेत. पोलिस अॅक्शननंतर २३ सप्टेंबर १९४८ ला त्यानं रेडिओवर भाषण केलं. एका छोट्या गटानं माझ्या पंतप्रधानाच्या घराला वेढा घातला, हिटलरच्या पद्धतीनं राज्य ताब्यात घेतलं आणि मला असहाय करून टाकलं, असा त्याचा आशय होता. तुम्ही हे वाचताना एक करा, 'असहाय' या शब्दाखाली रेघ ओढा. जमाव आला त्या पहाटे निजामाकडं फौज होती, पोलिस होते, तुरुंग होते. तेच तुरुंग स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहींनी भरलेले होते. स्वामी रामानंद तीर्थांना कितीतरी वेळा आत टाकलं तेव्हा हात लटपटले नाहीत. असहायता फक्त एकाच दिशेला होती.

सत्ता मिळाल्यावर ती टिकवायची कशी, याचं उत्तर गावागावांत होतं. रझाकार बाहेरून आलेले परके असते तर गोष्ट सोपी झाली असती. पुष्कळदा ते त्याच पंचक्रोशीतले होते. कुणाच्या घरात धान्य आहे, कुणाचा मुलगा स्टेट काँग्रेसच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात गेलाय, हे त्यांना ठाऊक. गाव लुटायला आलेल्या टोळीबरोबर पोलिस दिसले की तक्रार कुठं करायची हा प्रश्नच मिटतो. माणसं बैलगाडीत बसून बार्शी, सोलापूरकडं निघाली. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोर्ट्यात मोठं हत्याकांड झालं.

पण 'रझाकार म्हणजे मुसलमान, बाकीचे सगळे विरोधात' असं समीकरण मांडाल तर ही यंत्रणा कशी चालते ते कळणारच नाही. लायक अलींच्या मंत्रिमंडळात हिंदू होते. दलितांचे नेते बी. एस. व्यंकटराव मंत्री होते. सवर्णांच्या गावात ज्यांना विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं, त्यांना निजामाकडून काहीतरी मिळेल असं वाटलं तर त्यांना लगेच गद्दार ठरवणं फार सोपं आहे. डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये पत्रक काढून हैदराबादच्या दलितांना निजामाची बाजू घेऊ नका असं बजावलं, ते उगाच नाही. तेलंगणात विसनूरच्या रामचंद्र रेड्डीसारखे हिंदू देशमुख शेतकऱ्यांचं बंड मोडायला रझाकारांच्या बाजूनं उभे होते. जमीन वाचवायची तर धर्म आड येत नाही.

उलट बाजूही बघा. मंत्री जे. व्ही. जोशी यांनी नांदेड-परभणी भागातली अवस्था डोळ्यांनी पाहिल्यावर राजीनामा दिला. फरीद मिर्झा नावाच्या तहसीलदारानं रझाकारांचे अत्याचार पाहून नोकरी सोडली. ऑगस्ट १९४८ मध्ये मिर्झांसह सात मुस्लिम गृहस्थांनी पत्रक काढलं: रझाकार संघटना बंद करा, भारतात सामील व्हा. ते पत्रक 'इमरोज' या उर्दू दैनिकात आलं. संपादक शोएबुल्ला खान, तरुण माणूस, आधीपासूनच रझाकारांविरुद्ध लिहीत होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका रात्री ऑफिसातून घरी जाताना त्याला गोळ्या घातल्या आणि त्याचा हात तोडला. लिहिणारा हात. रझवीच्या लोकांना सगळ्यात जास्त राग कुणाचा होता, ते यावरून कळतं. शत्रूच्या गटातला माणूस बोलला तर हुकूमशहाचं काम सोपंच होतं. त्यांना खुपला तो आपल्यातला, जो म्हणाला की तुम्ही आमच्या नावावर हे करू नका.

एवढा दरारा असलेली व्यवस्था पाच दिवसांत कोसळली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजामानं शरणागती जाहीर केली. लाठ्या-भाले आणि जुन्या बंदुका घेऊन निःशस्त्र गावावर धाड घालणं वेगळं आणि रणगाड्यासमोर उभं राहणं वेगळं. पाठ्यपुस्तकात धडा इथं संपतो. झेंडावंदन होतं, जिलेबी वाटली जाते.

धडा संपल्यावर जे झालं ते मात्र आपल्याकडं फार हळू आवाजात बोललं जातं. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठवली. तिनं १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. पोलिस अॅक्शनच्या काळात आणि नंतरच्या दिवसांत मारल्या गेलेल्यांचा तिचा अंदाज किमान २७ हजार ते ४० हजार आहे. मारले गेले ते प्रामुख्यानं मुसलमान. सगळ्यात वाईट अवस्था असलेले चार जिल्हे: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. म्हणजे आपण. अहवाल सरकारनं प्रसिद्ध केला नाही, कित्येक दशकं तो लोकांसमोर नव्हता. आकड्यावर वाद घालणारे आहेत, घालू द्या.

आणि ज्यांच्या नावानं हे सगळं सुरू झालं त्यांचं काय झालं? रझवी तुरुंगात गेला, १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. लायक अली नजरकैदेतून निसटून पाकिस्तानला पोचले. निजाम १९५० ते ५६ हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता, मानमरातबासह, तनख्यासह. ज्याला कागदावर 'राजा' म्हटलं होतं तो टांगेवाला, तो विणकर इथंच राहिला. वसुली त्याच्याकडून झाली. त्यातल्या किती जणांनी कधी रझाकारी केली होती आणि किती जणांनी स्वतःच्या हिंदू शेजाऱ्याला लपवलं होतं, हे विचारायला त्या दिवसांत कुणाला वेळ नव्हता.

हाच शब्द पुढं आणखी एका देशात गेला. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्कराच्या मदतीला उभ्या केलेल्या दलाचं नाव रझाकार होतं. बांगलादेश स्वतंत्र झाला आणि तिथंही ती शिवी बनली. पण शेख हसीना यांच्या लांबलेल्या राजवटीत ही शिवी विरोधकांवर इतक्या सढळ हातानं वापरली गेली की मुक्तिलढ्याची आठवण हेच सत्ता टिकवायचं हत्यार झालं. १४ जुलै २०२४ ला नोकऱ्यांतल्या आरक्षणाविरुद्ध आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात त्यांनी रझाकारांच्या नातवंडांचा उल्लेख केला. त्या रात्री ढाका विद्यापीठातली मुलं-मुली रस्त्यावर आली आणि 'आम्ही कोण? रझाकार!' अशा उपरोधिक घोषणा देऊ लागली. पुढं गोळीबार झाला, शेकडो जीव गेले. ५ ऑगस्टला हसीना देश सोडून भारतात आल्या.

येत्या १७ सप्टेंबरला कॉलेजात झेंडावंदन होईल, भाषणं होतील. तेव्हा ज्यांना कळतं वय होतं अशी माणसं उदगीर, देवर्जन, कमालनगर, भालकी या पट्ट्यात आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, नव्वदीच्या आसपासची. मोबाइलमध्ये रेकॉर्डर असतोच. एका गल्लीत बसलात तर मे-जूनच्या गोष्टी निघतील, दुसऱ्या गल्लीत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या. पहिल्या गल्लीत चहा लगेच येईल. दुसऱ्या गल्लीत कदाचित दोन-तीन खेपा माराव्या लागतील.